पेनड्राइव्ह लावला, पण टॅब ओळख दाखवेना

नौपाड्यात दुरुस्तीच्या टेबलामागे बसलं की कुठल्या महिन्यात काय येणार हे साधारण पाठ होतं. पावसाळ्यात भिजलेले मोबाइल, मे महिन्यात फुगलेल्या बॅटऱ्या. या वेळच्या पत्रांत मात्र एकच तक्रार पुन्हापुन्हा आहे. घरात मुलाने किंवा सुनेने टॅब आणून दिलाय, आयुष्यभराचा ऐवज पेनड्राइव्हवर आहे, आणि दोघांचं काही केल्या जमत नाही. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच निघतं.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या गुरुजींनी शिकवलेले अभंग आणि गौळणी त्यांच्या एका विद्यार्थ्याने 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून दिल्या. गुरुजी आता नाहीत, त्यामुळे तो पेनड्राइव्ह मी देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी डबीत ठेवते. मुलीने नवा अँड्रॉइड टॅब घेऊन दिला. स्टेशनबाहेरून जोडायची छोटी पिन आणली. ती लावली की कधी काहीच होत नाही, आणि एकदा तर ‘फॉरमॅट करा’ असं आलं. घाबरून काढून ठेवला. आता काय करू?
— निवृत्त शिक्षिका, चरई

उत्तर : काकू, घाबरलात तेच बरं केलंत. फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्ह कोरा करणं. ‘यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पुसून नव्याने मांडू का?’ एवढंच टॅब विचारत असतो. पेनड्राइव्ह खराब झालाय असाच त्याचा अर्थ होत नाही. काही टॅब आणखी एक गोड पर्याय देतात, ‘टॅबचं अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरा’. तोही घेऊ नका. त्यात पेनड्राइव्ह आधी पुसला जातो आणि मग अशा कुलपात जातो की त्या एका टॅबशिवाय दुसरीकडे कुठेच उघडत नाही. स्क्रीनवर काहीही आलं तरी ‘रद्द करा’ किंवा मागे जायचा बाण, बस्स.

आता एकेक करून बघू. आधी ती डबी. पेनड्राइव्हच्या लोखंडी तोंडात आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. त्यांवर कुंकवाची किंवा अष्टगंधाची पूड बसली असेल तर जोडणी लागते-सुटते, आणि ‘कधी काहीच होत नाही’ हे त्याचंच लक्षण असू शकतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची वाफ जाते. रंगाचा कोरडा, मऊ ब्रश फिरवा. पट्ट्या हिरवट-काळ्या पडल्या असतील तर कानात घालायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत पट्ट्या लवकर काळवंडतात. यापुढे पेनड्राइव्ह झाकण लावून, झिपच्या छोट्या पिशवीत घालून मग डबीत ठेवा. देवाची काही हरकत नसावी.

मग ती स्टेशनबाहेरची पिन. फुटपाथवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू मिळतात आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत असतोच असं नाही. तुम्हाला हवी ती ओटीजी पिन. तिचं एक टोक चपटं, गोल कडांचं असतं (यालाच टाइप-सी म्हणतात), ते टॅबमध्ये जातं. दुसरीकडे चौकोनी भोक असतं, त्यात पेनड्राइव्ह बसतो. दुसरी वस्तू नेमकी उलटी. तिचं चौकोनी टोक बाहेर आलेलं असतं, म्हणजे ती चार्जरसाठी आहे. आणखी एक प्रकार दुकानात नेहमी बघतो. जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबीची ओटीजी वायर घरात पडलेली असते आणि तिच्या टोकाला टाइप-सीची टोपी चढवून लोक काम भागवायला बघतात. ते बहुतेक वेळा चालत नाही.

का चालत नाही ते थोडक्यात सांगतो. टॅब कॉम्प्युटरला जोडला की तो पाहुणा असतो आणि कॉम्प्युटर यजमान. पेनड्राइव्ह लावायचा तर टॅबलाच यजमान व्हावं लागतं, म्हणजे त्यालाच वीज पुरवायची आणि त्यालाच विचारपूस करायची. ‘आता तू यजमान’ हे टॅबला पिनच्या आतल्या जोडणीवरून कळतं. जुन्या मायक्रो यूएसबीत त्यासाठी वेगळी पाचवी तार होती. टाइप-सीत तो निरोप रेझिस्टर नावाच्या एका बारक्या भागावरून जातो. टोपीत तो योग्य जागी नसला तर टॅब पाहुण्यासारखा गप्प बसून राहतो. ओटीजी हा प्रकार 2001 साली यूएसबीच्या नियमांत आला आणि अँड्रॉइडने तो 3.1 या आवृत्तीपासून, 2011 मध्ये घेतला. त्यामुळे तुमच्या नव्या टॅबला ओटीजी येत असणार असं धरून चाला.

तरी एक खोड आहे. काही कंपन्यांच्या मोबाइल-टॅबमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमध्ये वेगळं असतं आणि दहा मिनिटं काही लावलं नाही की ते आपोआप बंद होतं. सेटिंगमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे ‘ओटीजी’ लिहून बघा. बटण सापडलं तर चालू करा आणि लगेच पेनड्राइव्ह लावा. सापडलं नाही तर तुमच्या टॅबमध्ये ते चालूच असतं.

पिन बरोबर आहे की नाही हे पेनड्राइव्ह पणाला न लावता कळायची युक्ती सांगतो. घरातल्या कॉम्प्युटरचा साधा वायरवाला माऊस त्या पिनमधून टॅबला लावा. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा लागला आणि स्क्रीनवर बाण फिरू लागला की पिन, टॅब आणि सेटिंग तिन्ही ठीक. दिवासुद्धा लागला नाही तर सेटिंग आणि पिन बघा, पेनड्राइव्ह बिचारा निर्दोष आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक टॅबवर मी पहिलं हेच करतो.

तुमच्याकडे एकदा ‘फॉरमॅट’ आलं, म्हणजे त्या वेळी पिनने काम केलं आणि अडलं ते पुढे. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या तीन पद्धती आपल्याला भेटतात. फॅट-32 सगळ्यांना वाचता येते, पण तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट बऱ्याच नव्या टॅबना येते, सगळ्यांना नाही. एनटीएफएस ही विंडोजची घरची पद्धत आणि बरेचसे अँड्रॉइड टॅब तिच्यापुढे हात टेकतात. माझा अंदाज, त्या विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर तयार करताना एनटीएफएस ठेवलं असावं. खात्री करायची तर मुलीच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावा, त्याच्या चिन्हावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फाइल सिस्टम’समोर काय लिहिलंय ते वाचा.

एनटीएफएस निघालं तर तुमच्या मूळ पेनड्राइव्हला अजिबात हात लावायचा नाही. आधी त्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. मग बाजारातून दुसरा, नवा पेनड्राइव्ह आणा. एका टोकाला नेहमीचं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असा दोन तोंडांचा मिळतो, तो घेतलात तर त्या पिनची कटकटच संपते. 32 जीबीचा पुरे, आणि तेवढ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह साधारणपणे फॅट-32 मध्येच येतात. लॅपटॉपवरून त्यात अभंग भरा आणि टॅबला तोच लावा. गुरुजींचा पेनड्राइव्ह डबीत परत. असे जमले की आवाज आपोआप तीन ठिकाणी राहतो, आणि माझ्या दृष्टीने टॅबपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची आहे. वर्षानुवर्षं न वापरता ठेवलेल्या पेनड्राइव्हमधला मजकूर हळूहळू झिजतो. तो काही ताम्रपट नव्हे.

टॅबवर उतरवून घेणं त्या मानाने सोपं. पेनड्राइव्ह लावला की वरच्या पट्टीत त्याची सूचना येते. ‘फाइल्स’ किंवा ‘माय फाइल्स’ असं जे काही तुमच्या टॅबमध्ये असेल ते उघडा, त्यात यूएसबी स्टोरेज दिसेल. अभंगांच्या फोल्डरवर बोट दाबून धरा, बरोबरची खूण आली की ‘कॉपी’ निवडा. ‘मूव्ह’ नको. कॉपीत मूळ जागेवर राहतं, मूव्हमध्ये तिथून उचललं जातं आणि मध्येच पिन हलली तर ना इथे ना तिथे. मग टॅबच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये ‘म्युझिक’ फोल्डरात जाऊन पेस्ट करा. तिथे ठेवलं की गाण्याच्या ॲपला ते आपोआप सापडतं. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला 15-20 एमबी वेगाने वाचला जातो, म्हणजे 10 जीबीला दहाएक मिनिटं धरा. तोवर टॅब मांडीवर न घेता टेबलावर सपाट ठेवा. झालं की सूचनेतलं ‘इजेक्ट’ दाबून मगच पेनड्राइव्ह काढा. आणि पेनड्राइव्ह काढल्यानंतर दोन-चार अभंग मधूनमधून लावून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे उतरले असं नाही. पेनड्राइव्ह हातात असताना टॅबवर वाजलं, तरच ते टॅबवर आलं.

जागेचं म्हणाल तर फाइलच्या नावाचं शेपूट बघा. ‘वेव्ह’ असेल तर सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण 10 एमबी खातं, म्हणजे तासाच्या भजनाला 600. तेच एमपी-3 मध्ये मिनिटाला एमबीभर. टॅब लहान असेल तर त्यावर एमपी-3 ठेवा, पण मूळ वेव्ह पुसू नका. गुरुजींच्या आवाजातला बारकावा तिथेच आहे. आणि 16 जीबी लिहिलेल्या पेनड्राइव्हवर कॉम्प्युटर साडेचौदाच्या आसपास दाखवतो, त्यात कोणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, कॉम्प्युटर 1024 च्या.

प्रश्न : नेरुळमधल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा मी सचिव. पंधरा वर्षांची इतिवृत्तं पेनड्राइव्हवर आहेत. सभेत टॅबवरून वाचून दाखवावीत म्हणून कॉपी केली. कॉपी व्यवस्थित झाली, पण फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं असा सगळा काला दिसतो. व्हायरस आहे का?
— सोसायटी सचिव, नेरुळ

उत्तर : सचिवसाहेब, व्हायरस नाही, तुमची इतिवृत्तं शाबूत आहेत. आधीच्या सचिवांनी ती श्री-लिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असणार. त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी की फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून तिथे मराठी दिसतं. टॅबवर तो नाही, म्हणून आतली इंग्रजी उघडी पडते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टंकलेलं असतं तर ‘म’ हा कुठेही ‘म’च राहिला असता.

नुसतं वाचून दाखवायचं असेल तर फार खटाटोप करू नका. ज्या कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसतं, त्याच कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा. पीडीएफ आपल्याबरोबर फॉन्टही नेते. ती पेनड्राइव्हवर टाका आणि टॅबवर उघडा. पहिली एक फाइल करून तपासा, मग बाकीच्यांना हात घाला. हे काम तो कॉम्प्युटर जिवंत आहे तोवरच उरका. असे कॉम्प्युटर भंगारात गेल्यावर फॉन्ट शोधत आलेले सचिव मी पाहिलेत.

पुढे त्यात दुरुस्त्या करायच्या असतील, ठराव शोधायचे असतील, तर युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल. त्यासाठीचे परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. रफार, ‘ऱ्या’, ‘क्ष’ अशा जागी गडबड होते. इतिवृत्तात ‘कार्यकारिणी’चा रफार पळाला तर हसू येईल, पण मराठीत लिहिलेला आकडा बदलला तर सिंकिंग फंडावरून भांडण होईल. रक्कम आणि तारखा कोणीतरी मूळ प्रतीशी ताडून बघाव्यात.

प्रश्न : मी सीए इंटरची तयारी करते. क्लासने लेक्चर्स पेनड्राइव्हवर दिली आहेत. लॅपटॉपवर चालतात, पण टॅबवर कॉपी केली तर एकही फाइल उघडत नाही. ऐरोली ते ठाणे ट्रेनमध्ये बघायची होती. कुठला प्लेअर टाकू?
— विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : कुठलाही टाकलास तरी उघडणार नाही. अशी लेक्चर्स बहुधा कुलूपबंद असतात आणि नोंद केलेल्या एकाच उपकरणावर, क्लासच्याच सॉफ्टवेअरमधून चालतात. कॉपी झाली ती कुलपासकट. क्लासला विचार की अँड्रॉइडसाठी त्यांचं ॲप आहे का आणि नोंदणी लॅपटॉपवरून टॅबवर हलवून देतील का. हे प्रवेश घेतानाच विचारायचं असतं, म्हणून मैत्रिणींनाही सांग. कुलूप तोडून देतो म्हणणारी ॲप इकडूनतिकडून आणून टॅबवर बसवू नकोस. ती लेक्चरपेक्षा तुझ्या मोबाइल बँकेत जास्त रस घेतात.

प्रश्न : झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून आलो आणि पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. कॉम्प्युटरवर काहीच उघडत नाही. शेजारच्या मुलाने टॅबला लावला तर त्यात सगळं दिसलं! हे कसं? आणि टॅबलाही आता लागण होईल का?
— वर्तकनगर

उत्तर : शेजारच्या मुलाने बरोबर केलं. हा विंडोजचा जुना रोग आहे. तो तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट मांडतो. शॉर्टकट दाबला की रोग पुढे जातो. अँड्रॉइडला ना विंडोजचे शॉर्टकट कळत, ना तो तसा ‘लपवलेला’ शिक्का मानत, म्हणून त्याला खरं ते दिसतं. कधी कधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरात कोंबलेला असतो, तोही उघडून बघा. विंडोजसाठी लिहिलेला तो प्रोग्राम अँड्रॉइडवर चालत नाही, त्यामुळे टॅबला लागण नाही. फक्त फोटो आणि कागदपत्रं तेवढी टॅबवर कॉपी करा. अनोळखी फाइल, विशेषतः ‘एपीके’ शेपटाची (ती अँड्रॉइडवर ॲप बसवते), दिसली तर ती तिथेच सोडा. सगळं टॅबवर उघडून पाहिल्यावर मात्र हा पेनड्राइव्ह बेलाशक फॉरमॅट करा. चरईच्या काकूंना नको म्हटलं, तुम्हाला हो म्हणतोय.

झेरॉक्सच्या दुकानासाठी एक वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यात त्या दिवशीची तेवढीच पीडीएफ न्यावी. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले असं सगळं घेऊन त्या कॉम्प्युटरला टेकायचं काही कारण नाही.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या, 2004 सालच्या, व्हीसीडी एकाने पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. मुलाचा जुना आयपॅड आहे, चपट्या लायटनिंग पिनचा. त्यावर बघता येतील का? फाइलींच्या शेवटी ‘डॅट’ असं लिहिलंय.
— कासारवडवली

उत्तर : येतील, पण आयपॅड किती जुना त्यावर आहे. ॲपलने पेनड्राइव्ह थेट ‘फाइल्स’ ॲपमध्ये उघडायची सोय 2019 मध्ये, आयपॅडओएस 13 पासून दिली. सेटिंगमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ बघा. 13 किंवा पुढची आवृत्ती असेल तर लायटनिंगचा कॅमेरा अडॅप्टर घ्या, आणि घ्यायचाच तर बाजूला चार्जर लावायला भोक असलेला घ्या. लायटनिंगचा आयपॅड पेनड्राइव्हला वीज देताना फार हात आखडता घेतो आणि ‘या उपकरणाला जास्त वीज लागते’ म्हणून नाकारतो. चार्जर लावला की ऐकतो. आवृत्ती 12 वरच अडकली असेल तर अडॅप्टरवर खर्च करू नका. फाइली लॅपटॉपवरूनच आयपॅडवर घाला.

डॅट फाइल आयपॅड स्वतःहून वाजवणार नाही. व्हीएलसी हे फुकट ॲप टाका आणि त्यातून उघडा. तरी अडली तर फाइलच्या नावातलं ‘डॅट’ काढून ‘एमपीजी’ करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. कायमचा उपाय म्हणजे लॅपटॉपवर हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने एमपी-4 करून घेणं. मग ते कुठल्याही टॅबवर, टीव्हीवर चालतं.

चित्र धूसर दिसलं तर उतरवणाऱ्याला बोल लावू नका. व्हीसीडीचं चित्रच 352 बाय 288 ठिपक्यांचं. त्या वेळच्या डब्याएवढ्या टीव्हीवर ते खपून जायचं, आयपॅडच्या स्क्रीनवर ताणलं की मंगलाष्टकांत नवरी कोण आणि करवली कोण, तेही कळेनासं होतं. पूर्ण स्क्रीनवर न ताणता लहान चौकटीत बघा. आणि शूटिंगवाल्याकडे मूळ मिनी-डीव्ही कॅसेट राहिली होती का, हे एकदा विचारून बघा. ती मिळाली तर चित्र कितीतरी पटीने चांगलं निघेल.

प्रश्न : टॅबला पेनड्राइव्ह कायमचा लावून ठेवला तर जागा वाढेल ना?
— वाशी, सेक्टर 17

उत्तर : वाढेल, आणि बॅटरी लवकर उतरेल. शिवाय बाहेर आलेला पेनड्राइव्ह पिशवीत अडकून टॅबचं चार्जिंगचं भोकच ढिलं करतो, ते बदलायला पेनड्राइव्हच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात. तुमच्या टॅबला मेमरी कार्डची खाच असेल तर कार्ड घाला. ती बऱ्याचदा सिमच्याच ट्रेमध्ये असते, म्हणून अनेकांना सापडत नाही.